काळाचा जमाखर्च : सापेक्षतेच्या सिद्धांताची प्रस्तावना

सभासंमेलनांतून एखाद्या व्याख्यात्यास नैतिक अडचणीतून वाट काढायची असली की तो हटकून आइनस्टाइनचे नाव घेतो, आणि ‘शेवटी सगळेच सापेक्ष आहे’ असा निवाडा त्या थोर पुरुषाच्या नावे ठोकून देऊन स्वतःची सुटका करून घेतो. श्रोतेही, ज्या विषयात आपल्याला गती नाही त्यातला दाखला खोडून काढायचा कसा, या संकोचाने माना डोलावतात. प्रस्तुत पुस्तक लिहावे असे ज्या अनेक कारणांनी वाटले त्यांत हे एक आहे, असे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण वस्तुस्थिती या समजुतीच्या बरोबर उलट आहे. स्थळ आणि काळ यांची मापे पाहणाऱ्याच्या गतीनुसार बदलतात असे हा सिद्धांत सांगतो खरा. परंतु कोणाच्याही गतीने ज्या तसूभर ढळत नाहीत अशा गोष्टी कोणत्या, याचा पक्का निर्णय लावण्यासाठीच तो ते सांगतो. शैथिल्याला येथे मुभा नाही. उलट, काळाच्या हिशेबात इतका काटेकोरपणा त्यापूर्वी कोणी आणला नव्हता.

बडोद्याच्या वाचकाला या विषयाच्या उंबरठ्याशी नेण्यास फार लांबचा रस्ता घ्यावा लागत नाही. शहर पूर्व रेखांशाच्या सुमारे ७३ अंश १२ कलांवर वसलेले, आणि भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून मोजतात ते साडेब्याऐंशी अंशांवरचे. दर अंशास चार मिनिटे या हिशेबाने बडोद्याचा सूर्य सरकारी घड्याळाच्या ३७ मिनिटे मागे राहतो, आणि मांडवीवर ऐन मध्यान्ह होते तेव्हा मनगटावरच्या घड्याळात सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटे झालेली असतात. ही प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ रोजी. त्यापूर्वी रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेवर चाले, आणि ती वेळ बडोद्याच्या सूर्याच्या २८ मिनिटे पुढे होती. म्हणजे १८९६ साली रावपुऱ्यात महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा उभा राहिला त्या सुमारास, शहरातल्या एकाच क्षणाला सूर्याची एक आणि आगगाडीची एक अशा दोन वेळा लावता येत होत्या. मुंबईकरांनी तर प्रमाणवेळ जाहीर झाल्यावरही आपली ३९ मिनिटे मागची ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत हट्टाने जपली.

ही तफावत म्हणजेच सापेक्षता, असे मात्र कोणी समजू नये. ती सरकारी हुकमाने उत्पन्न झालेली आणि सरकारी हुकमानेच मिटलेली तफावत होय. मद्रास, मुंबई आणि बडोदे यांच्या वेळांतील अंतर ठाम माहीत होते, एकीतून दुसरी वजा करता येत होती, आणि या सर्व स्थानिक वेळांच्या मुळाशी अवघ्या विश्वाला व्यापणारा एकच खरा काळ संथपणे वाहतो आहे, याविषयी ना स्टेशनमास्तरला शंका होती ना न्यूटनला. शंका यावयास हवी होती ती वेगळ्याच ठिकाणी. मद्रासेत आणि बडोद्यात घड्याळे ‘एकाच क्षणी’ जुळवली असे आपण बिनदिक्कत म्हणतो. परंतु तो क्षण एकच होता याची रुजवात कोणी आणि कशाने केली? तारेच्या संकेताने, असे उत्तर येईल. संकेताला वाटेत वेळ लागतो. तो वजा करावा लागेल. आणि तो वजा करण्यासाठी दोन्ही टोकांची घड्याळे आधीच जुळलेली असावी लागतील. ही कोंडी कोणाच्या लक्षात आली नाही, कारण व्यवहारात तिची किंमत कवडीइतकीही नव्हती.

१९०५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंटच्या कचेरीत सव्वीस वर्षांचा एक तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तपासनीस नोकरीस होता. लोकांनी दाखल केलेल्या यंत्रांचे नकाशे आणि कैफियती तपासाव्यात, अर्जदार ज्याला नवे म्हणतो ते खरोखर नवे आहे काय ते पाहावे आणि शेरा मारून कागद पुढे सरकवावा, हे त्याचे काम. आणि विजेच्या संकेतांनी दूरदूरची घड्याळे जुळवण्याच्या युक्त्यांचे अर्जही त्या काळी त्या कचेरीत येत असत. घड्याळांचाच तो देश. कचेरीतल्या कागदांचा त्याच्या विचारावर नेमका किती परिणाम झाला, हा चरित्रकारांचा वाद आपण बाजूला ठेवू. परंतु एखाद्या अर्जातील संदिग्ध शब्दावर अनुभवी तपासनीसाने बोट ठेवावे तसे आल्बर्ट आइनस्टाइनने त्या वर्षीच्या आपल्या निबंधात ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांवर बोट ठेवले, आणि त्यांचा अर्थ कृतीने सांगितल्याखेरीज पुढे जाण्यास नकार दिला, एवढे खरे.

असा नकार देण्याची गरज पडली ती प्रकाशामुळे. स्थिर पाण्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत कोणताही प्रयोग करा, जहाज चालते आहे की उभे आहे हे कळणार नाही, हे गॅलिलिओने १६३२ सालीच सांगून ठेवले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशाचा एक ठराविक वेग निघाला, सेकंदाला जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर. परंतु हा वेग कोणाच्या दृष्टीने, याचा खुलासा समीकरणांत नव्हता. विद्वानांनी ईथर नावाचे एक सर्वव्यापी, अदृश्य माध्यम कल्पून हा वेग त्याच्या खात्यावर टाकला. मग १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली यांनी अमेरिकेत, पृथ्वी या ईथरातून किती वेगाने जाते ते मोजण्यासाठी अत्यंत नाजूक प्रयोग केला, आणि वेग काही हाती लागला नाही. आइनस्टाइनने दोन्ही दस्तऐवज जसेच्या तसे मान्य केले: एकसारख्या वेगाने चालणाऱ्या सर्वांसाठी निसर्गनियम तेच, आणि प्रकाशाचा वेगही सर्वांसाठी तोच. दोन्ही एकदम खरी ठरायची तर माघार कोणी घ्यायची? काळाने, असा त्याचा निर्णय.

आगगाडीचे उदाहरण या विषयात सर्वत्र दिले जाते, आणि ते द्यायचेच तर आपण आपली गाडी घ्यावी. खंडेराव महाराजांच्या अमदानीत १८६२ साली डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग गायकवाडी मुलखात पडला, आणि रूळ हलके असल्याने आरंभी त्यावरून डबे बैल ओढीत. सापेक्षतेच्या चर्चेत बैलांनी ओढलेली आगगाडी सहसा येत नाही, म्हणूनही तिचा मला मोह पडतो. अशा डब्याच्या नेमक्या मध्यावर उभ्या असलेल्या गार्डाने दिवा पेटवला. प्रकाश पुढच्या भिंतीकडे आणि मागच्या भिंतीकडे सारख्याच वेगाने निघाला, दोन्ही भिंती सारख्याच अंतरावर, तेव्हा तो दोन्हींवर एकाच वेळी आदळला, अशी गार्डाची साक्ष. फाटकाशी उभ्या असलेल्या गेटमनची साक्ष निराळी. त्याच्या दृष्टीने मागची भिंत प्रकाशाला सामोरी येत आहे आणि पुढची त्याच्यापुढे पळते आहे. आणि त्याच्याही हिशेबी प्रकाशाचा वेग तोच असल्यामुळे, मागच्या भिंतीवर तो आधी आदळला पाहिजे. दोघेही प्रामाणिक, दोघांच्याही घड्याळांत दोष नाही. गार्डाला एककालिक असलेल्या दोन घटना गेटमनला मागेपुढे घडलेल्या दिसतात, आणि यांपैकी कोणाचा जबाब खोटा ठरवावा यासाठी निसर्गाने कोणतेही वरिष्ठ न्यायालय स्थापन केलेले नाही.

आता त्याच डब्याच्या तळाशी एक आणि छताशी एक असे दोन आरसे समोरासमोर बसवू आणि त्यांच्यामध्ये प्रकाशाची एक तिरीप वरखाली खेळती ठेवू. हे आपले घड्याळ. गार्डाला ती सरळ उभी जाताना दिसते. गेटमनला मात्र, तिरीप वर पोहोचेपर्यंत डबा पुढे सरकलेला असल्यामुळे, तिचा मार्ग तिरपा, म्हणजेच अधिक लांबीचा दिसतो. वेग तोच, मार्ग लांब, तेव्हा वेळ अधिक लागलाच पाहिजे. गाडीचा वेग प्रकाशाच्या तीन पंचमांश आहे असे धरले तर तिरप्या मार्गाचे, पुढे सरकण्याचे आणि उभ्या उंचीचे प्रमाण ५, ३ आणि ४ येते, आणि शुल्बसूत्रकारांनाही परिचित असलेला काटकोन त्रिकोण तयार होतो: गार्डाची चार एकके ती गेटमनची पाच. चालते घड्याळ सावकाश चालते, हे जे विधान ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो, ते एवढ्या भूमितीतून निघते.

येथपर्यंत येऊन पुष्कळ लोकप्रिय पुस्तके थांबतात, आणि सगळे सापेक्ष असल्याची अफवा तेथूनच उठते. वास्तविक खरी गोष्ट येथून पुढे आहे. एकाच व्यवहाराच्या दोन वह्या दोन कारकुनांनी ठेवल्या आहेत असे समजा. गेटमनच्या वहीत काळाच्या खाती जमा पाचाचा वर्ग, म्हणजे २५, आणि स्थळाच्या खाती नावे तिनाचा वर्ग, म्हणजे ९, बाकी १६. गार्डाच्या वहीत काळाच्या खाती जमा चाराचा वर्ग, म्हणजे १६. आणि तो डब्यात जागचा हललाच नसल्यामुळे स्थळाच्या खाती नावे शून्य. बाकी पुन्हा १६. जमा वेगळी, नावे वेगळे, बाकी एक. कोणत्याही एकसमान वेगाने जाणारा तिसरा कारकून आणून बसवा, त्याच्याही वहीत बाकी १६ च निघेल. १९०८ साली हर्मान मिंकोव्स्की या गणितज्ञाने कोलोन येथील व्याख्यानात स्थळ आणि काळ यांना स्वतंत्र खाती न मानता एकाच वहीची दोन पाने मानावे असे प्रतिपादिले, ते या अचल शिलकेच्या आधारावर. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट न्यावी तर ती कोणती, असे मला कोणी विचारले तर मी त्याच्या हाती ही बाकी देईन.

इतकी चमत्कारिक गोष्ट शतकानुशतके कोणाला आढळली का नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. डभोईच्या गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, आणि तिचा गार्ड पन्नास वर्षे अखंड, रात्रंदिवस, तीतच बसून राहिला असे मानले, तरी घरी बसलेल्या जुळ्या भावापेक्षा तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून किंचितच अधिक तरुण राहील. निवृत्तिवेतनात त्याने काही फरक पडावयाचा नाही. परंतु निसर्गात अधिक वेगाचे प्रवासी आहेत. १९३८ साली केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या आपल्या होमी भाभांनी ‘नेचर’मध्ये असे दाखवून दिले की विश्वकिरणांत आढळणारा, काही काळाने फुटणारा जड कण हे एक घड्याळच असून, तो वेगात असताना त्याचे फुटणे लांबणीवर पडले पाहिजे. पुढे हा पडताळा म्यूऑन नावाच्या कणाने दिला. त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघ्या सव्वादोन पटींच्या आसपास. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही त्याला साडेसहाशे-पावणेसातशे मीटरच जाता यावे. प्रत्यक्षात वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले हे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत वाचकाच्या देहातूनही काही आरपार गेलेले असतील.

वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या समीकरणाविषयी येथे विस्तार करीत नाही. ते इतके मिरवले गेले आहे की पुस्तकाबाहेरच ते वाचकाला पुष्कळदा भेटले असेल. त्याची उपपत्ती पाचव्या प्रकरणात आहे.

गुरुत्वाकर्षणाची गोष्ट मात्र निराळी. १९०७ साली, अजून बर्नच्या कचेरीतच असताना, आइनस्टाइनच्या मनात आले की छतावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेतोवर, स्वतःचे वजन जाणवत नाही. या साध्या निरीक्षणाचा पाठपुरावा करीत नोव्हेंबर १९१५ पर्यंत तो पोहोचला तेथे गुरुत्वाकर्षण हे बल राहिलेच नव्हते. द्रव्यामुळे स्थलकालाला येणारी वक्रता, एवढेच त्याचे स्वरूप उरले होते. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकलांची जी तूट ज्योतिर्विदांना अर्धशतकभर छळत होती ती या हिशेबात तंतोतंत भरून निघाली; आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण सुमारे पावणेदोन विकलांनी वाकतात हे भाकीत ब्रिटिश पथकांनी तपासून खरे ठरवले, तेव्हा एका रात्रीत आइनस्टाइन जगप्रसिद्ध झाला. आज या विद्येची चाकरी आपण दररोज घेतो. मांजलपूरहून निजामपुऱ्याला जाताना दूरध्वनीवर जो रस्ता दिसतो तो अमेरिकन जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांवरून काढलेला असेल, तर त्या घड्याळांत वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद घट आणि उंचावरील क्षीण गुरुत्वामुळे ४५ मायक्रोसेकंद वाढ, म्हणजे निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांची वाढ धरून तिची तरतूद केलेली असते. ती न केली तर दिवसाकाठी अकरा किलोमीटरपर्यंत चूक साचेल, आणि निजामपुऱ्याऐवजी आपण शहराच्या हद्दीबाहेर पोहोचू. ‘नाविक’ या आपल्या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीलाही असाच हिशेब ठेवावा लागतो. २९ मे २०२३ रोजी, म्हणजे त्या ग्रहणाच्या बरोबर १०४ व्या वाढदिवशी, सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसवले गेले, आणि ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाले होते.

आपल्याकडे या विषयाचे दफ्तर फार लवकर उघडले गेले. ग्रहणाच्या दुसऱ्याच वर्षी, १९२० साली, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुणांनी आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांचे मूळ निबंध इंग्रजीत आणून कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले, आणि त्या ग्रंथाला ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली ती पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावलेल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी. मराठी माणसाला मात्र विशेष अगत्य वाटावे ते बनारसच्या प्रकरणाचे. कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले आणि १९३२ मध्ये मालवीयजींच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख झाले. त्यांनी तेथे सापेक्षतेच्या संशोधनाचे एक लहानसे परंतु जोमदार पीठ उभे केले. १९४२ साली त्यांच्याकडे सौराष्ट्रातील प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा तरुण शिकावयास आला. कार्ल श्वार्त्सशिल्डने १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या वक्रतेचे जे उत्तर काढले होते त्यात एक मोठी गैरसोय होती: त्यातला तारा प्रकाशत नाही. खरा तारा प्रकाश देतो, आणि प्रकाश देतो म्हणजे वस्तुमान खर्ची घालतो. तेव्हा त्याच्याभोवतीची वक्रताही क्षणोक्षणी बदलली पाहिजे. हा प्रश्न वैद्यांनी १९४३ साली सोडवला. वीसएक वर्षे त्या उत्तराकडे फारसे कोणी पाहिले नाही. मग साठीच्या दशकात क्वासारांचा शोध लागून प्रचंड ऊर्जा ओकणाऱ्या ज्योती आकाशात दिसू लागल्या, आणि ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. वैद्य पुढे गुजरात युनिव्हर्सिटीचे कुलगुरू झाले. ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक त्यांच्या धडपडीतून निघाले. मराठी गुरू आणि गुजराती शिष्य यांच्या या जोडीचे बडोद्यात, जेथे दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसतात, इतके थोडे स्मरण व्हावे याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव यांचा परिचय मराठी वाचकाला करून देणे म्हणजे आगंतुकपणा होईल. फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाचा सिद्धांत आणि १९८८ मध्ये पुण्यात उभारलेली ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था, ही त्यांची कामे एकीकडे, आणि हाच विषय विज्ञानकथांतून मराठीत खेळवण्याचे काम दुसरीकडे. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा दोन्ही बाजूंची मंडळी सारखीच पोरकी झाली. आयुकाच्या सहभागाने मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहत आहे. चार चार किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र, आणि २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिलेली. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना स्थलकालात उठलेला तरंग अमेरिकेतील अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम पकडला, तेव्हा त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक एका प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता.

असा ग्रंथ मराठीतून आणि तोही बडोद्यातून का, असे विचारणाऱ्यांना या संस्थानचा शिरस्ता आठवून द्यावा लागेल. १८९० साली निघालेल्या कलाभवनात यंत्रविद्या आणि रंगविद्या देशी भाषांतून शिकवण्याचा घाट सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने घातला गेला, आणि १९१२ मध्ये महाराजांनी देशी भाषांतील ग्रंथांसाठी दोन लक्ष रुपयांचा निधी बाजूस काढून ठेवला, त्यातून सयाजी साहित्यमाला चालली. हुजुरांचा तो खजिना आता नाही, आणि मराठी शाळेत मुले पाठवणारी घरेही शहरात कमी झाली. परंतु दांडियाबाजार-रावपुऱ्याच्या बाजूला मराठी पुस्तक वाचणारा, आणि वाचून त्यातली चूक पोस्टकार्डाने कळवणारा, वर्ग अजून शिल्लक आहे. तो डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले.

व्यवस्थेविषयी थोडे सांगून आटोपतो. आठ प्रकरणांपैकी पहिल्या पाचांत एकसमान गतीची सापेक्षता आहे आणि शालान्त परीक्षेच्या गणितापलीकडचे काही त्यांत लागत नाही. सहावे आणि सातवे गुरुत्वाचे; सातव्यातील बुधाच्या कक्षेचा हिशेब पहिल्या वाचनात गाळला तरी आठव्याला बाध येत नाही. विश्वाची उत्पत्ती आणि प्रसरण हा विषय मी हेतुपुरस्सर वगळला आहे, कारण त्याला स्वतंत्र पुस्तक हवे, आणि येथे दहा पानांत तो उरकला असता तर वाचकाला केवळ विस्मय मिळाला असता, समज मिळाली नसती. तिसऱ्या प्रकरणातला काटकोन त्रिकोण मात्र छापलेल्या आकृतीवर समाधान न मानता प्रत्येकाने पेन्सिल घेऊन स्वतः काढावा, आणि गाडीचा वेग तीन पंचमांशांऐवजी चार पंचमांश धरून दोन्ही वह्या पुन्हा एकदा लिहून पाहाव्यात. वर्गमूळ काढण्याची पाळी त्यातही येत नाही.